गेम मॉडचा कोड खुला कसा ठेवावा: ठाणे खाडीचा एक छोटा मॉड करताना

गेम मॉड म्हणजे तयार गेममध्ये नवं काही जोडणारा छोटा प्रोग्राम. त्याचा कोड खुला ठेवण्याचा फायदा पहिल्या दिवशी दिसत नाही. गेमची नवी आवृत्ती येते, मॉड चालेनासा होतो आणि ज्यानं तो लिहिला तो बारावीच्या क्लासमध्ये अडकलेला असतो, तेव्हा तो दिसतो. कोड बंद असेल तर मॉड तिथेच संपला. खुला असेल तर ऐरोली किंवा कळव्यातला कुणीही दोन ओळी बदलून तो परत चालू करू शकतो. मात्र झिप फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली म्हणजे कोड खुला झाला, असं नाही. लायसन्स, बदलांचा इतिहास आणि दुसऱ्याला वाचता येईल असा कोड, हे तिन्ही असेल तरच त्यात कुणी हात घालू शकतो.

म्हणून इथे एक छोटा मॉड सुरुवातीपासून करू. विषय ठाणे खाडीचा: एक चिखलाचा ब्लॉक आणि चिखलातून वर येणारी तिवराची श्वसनमुळं. फ्लेमिंगो हवाच, असं कुणीतरी पहिल्याच दिवशी म्हणणार. तो दुसऱ्या आवृत्तीसाठी ठेवा. हलत्या प्राण्याला सहसा त्रिमितीय मॉडेल आणि प्राण्यांची वेगळी लायब्ररी लागते, आणि नवख्यांचे मॉड अनेकदा तिथेच अर्धवट पडतात.

इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो प्रोग्राम, घ्यायचं लुआंटी. २०१० मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प २०२४ पर्यंत माइनटेस्ट या नावानं ओळखला जायचा. इंजिन सी प्लस प्लसमध्ये आहे, मॉड लुआ भाषेत लिहायचे. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि मुख्य म्हणजे त्याचा स्वतःचा कोड एलजीपीएल २.१ लायसन्सखाली खुला आहे. एखादं फंक्शन असं का वागतं हे कळेना, तर अंदाज बांधत बसावं लागत नाही, थेट इंजिनाचा कोड उघडून बघता येतो. माइनक्राफ्टच्या मॉडरांना ही सोय इतकी सरळ नाही. त्या गेमचा कोड खुला नाही, फॅब्रिक आणि फोर्जसारखी भोवतालची साधनं खुली आहेत.

पुढे फाइलची नावं आणि कमांड देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करा.

फोल्डर आणि फाइली

लुआंटी उघडून आधी ‘कंटेंट’ टॅबमधून माइनटेस्ट गेम (इंजिनाचं जुनं नाव असलेला, त्यावर चालणारा गेम) उतरवून घ्या. इंजिन नुसतं उघडलं तर खेळण्यासारखं काही मिळत नाही. मग ‘अबाउट’ टॅबमधल्या बटणानं युजर डेटा फोल्डर उघडा. त्यात ‘मॉड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये (नसेल तर तयार करा) ‘खाडी’ हा फोल्डर करा. मॉडच्या नावात लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. स्पेस किंवा हायफन टाकलात तर मॉड लोड होणार नाही.

आत इतकं असावं: ‘मॉड डॉट कॉन्फ’, ‘इनिट डॉट लुआ’, ‘टेक्स्चर्स’ फोल्डर, ‘लायसन्स डॉट टीएक्सटी’ आणि ‘रीडमी डॉट एमडी’. शेवटच्या दोन फाइली नंतर करू म्हणाल तर त्या कधीच होत नाहीत, आताच रिकाम्या करून ठेवा.

मॉड डॉट कॉन्फमध्ये तीन ओळी पुरतात: नेम, डिस्क्रिप्शन आणि ऑप्शनल अंडरस्कोर डिपेंड्स. तिसऱ्या ओळीत ‘डीफॉल्ट’ आणि ‘बकेट’ ही नावं स्वल्पविरामानं लिहा. इथे साधा ‘डिपेंड्स’ न वापरता ऑप्शनल वापरायचं कारण असं. डीफॉल्ट हा मॉड माइनटेस्ट गेममध्ये असतो, व्हॉक्सेलिब्रे या लुआंटीवरच्या दुसऱ्या गेममध्ये नसतो. सक्तीचं अवलंबित्व ठेवलं तर तुमचा मॉड एकाच गेमपुरता उरतो. ऑप्शनल ठेवलं तर कोडमध्ये ‘कोअर डॉट गेट मॉडपाथ’ वापरून आधी विचारायचं: डीफॉल्ट आहे का? असेल तर त्याचे मातीचे आवाज वापरायचे, नसेल तर आवाजाविना पुढे जायचं. ही तपासणी विसरलात की दुसऱ्या गेममध्ये ‘अटेम्प्ट टू इंडेक्स ग्लोबल डीफॉल्ट, अ निल व्हॅल्यू’ असा एरर येऊन गेम सुरूच होत नाही. लुआंटीच्या मॉडमध्ये सर्वात जास्त दिसणारा एरर बहुधा हाच.

चिखल आणि मुळं

इनिट डॉट लुआमध्ये ‘कोअर डॉट रजिस्टर नोड’ हे फंक्शन बोलवा (रजिस्टर आणि नोडच्या मध्ये अंडरस्कोर). ब्लॉकचं नाव मॉडचं नाव, कोलन आणि ब्लॉक या क्रमानं: ‘खाडी:चिखल’. नावाआधी मॉडचं नाव नसेल तर इंजिन ते नाकारतं. टाइल्समध्ये एकच चित्र दिलं तर ते सहाही बाजूंना लागतं. वेगवेगळी चित्रं द्यायची असतील तर क्रम वरची, खालची, उजवी, डावी, मागची, पुढची. ग्रुप्समध्ये ‘क्रम्बली’ ३ ठेवा, म्हणजे चिखल फावड्यानं चटकन उकरला जातो.

मुळांसाठी ‘ड्रॉटाइप’ प्लांटलाइक, ‘वॉकेबल’ फॉल्स आणि ‘पॅरामटाइप’ लाइट. शेवटचा राहिला तर मुळं काळीकुट्ट दिसतात, कारण त्या जागेत उजेड साठवायचा असतो हे इंजिनाला कळलेलंच नसतं. टेक्स्चर बिघडलं समजून लोक तासन्‌तास चित्र दुरुस्त करत बसतात.

कृती द्यायची तर आकाररहित क्राफ्ट (वस्तू कशाही मांडल्या तरी चालणारी कृती) करा: दोन माती, एक वाळू, एक पाण्याची बादली, त्यातून तीन चिखल. ‘रिप्लेसमेंट्स’मध्ये भरलेल्या बादलीच्या जागी रिकामी बादली परत द्या. नाही दिली तर खेळणाऱ्याची बादली प्रत्येक वेळी गायब होते आणि पहिली तक्रार त्याचीच येते. ही कृती डीफॉल्ट आणि बकेट दोन्ही आहेत का, हे बघूनच नोंदवा.

टेक्स्चर १६ गुणिले १६ पिक्सेलचं पीएनजी. गूगलवरून उचललेलं चित्र नको, माइनक्राफ्टचं तर मुळीच नको. खाडी घराजवळ आहे, तिचा उपयोग करा. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या परिसरात ओहोटीला जा. चिखलाचा फोटो कॅमेरा सरळ खाली धरून, सावलीत घ्या. ऊन असेल तर एका बाजूला चकाकी येते आणि ब्लॉक शेजारीशेजारी ठेवले की ती पट्ट्यांसारखी दिसते. गिंप या चित्रांच्या मोफत प्रोग्राममध्ये चौकोनी कापा, १६ पिक्सेलवर आणा, रंग ८ ते १२ वर उतरवा. मग ‘ऑफसेट’नं चित्र दोन्ही दिशांना ८ पिक्सेल सरकवा. कडा मध्यभागी येतात, जोड दिसत असेल तर तिथले पिक्सेल हातानं बदला. एक्सपोर्ट करताना एक्झिफ माहिती जपण्याची खूण काढून टाका, फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात.

चित्राच्या नावाआधी मॉडचं नाव लावा: ‘खाडी अंडरस्कोर चिखल डॉट पीएनजी’. सगळ्या मॉडची चित्रं एकाच यादीत जातात. दोन मॉडमध्ये नुसतं ‘मड डॉट पीएनजी’ असेल तर एकाचं चित्र दुसऱ्याच्या ब्लॉकवर बसतं. आणि चित्र सापडलंच नाही तर ब्लॉक भलत्याच एका रंगाचा दिसतो.

चालवून बघताना नवं वर्ल्ड करा, ‘सिलेक्ट मॉड्स’मध्ये खाडीवर खूण करा, आत शिरून ‘गिव्हमी’ कमांडनं चिखल मागवा (त्यासाठी ‘गिव्ह’ अधिकार लागतो). काही बिनसलं तर युजर डेटा फोल्डरमधली ‘डीबग डॉट टीएक्सटी’ सगळ्यात शेवटून वाचायला सुरू करा. त्यात ‘अनडिक्लेअर्ड ग्लोबल’ अशी सूचना दिसली तर कुठेतरी ‘लोकल’ लिहायचं राहिलंय. आज ते चालेल. उद्या दुसऱ्या मॉडनंही तेच नाव वापरलं की दोघं एकमेकांची मूल्यं खोडतील आणि दोष कुणाचा हे सापडणार नाही.

लायसन्स: इथे घाई करू नका

रेपो (कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास ठेवायची जागा) सार्वजनिक आहे पण लायसन्स फाइल नाही, अशा कोडचे सगळे हक्क कायद्यानं लेखकाकडेच राहतात. लोक तो वाचू शकतात, स्वतःच्या मॉडमध्ये वापरू शकत नाहीत. ‘फुकट वापरा’ असं रीडमीत लिहूनही पुरत नाही, कारण बदल करून पुन्हा वाटण्याची परवानगी त्यात स्पष्ट होत नाही.

कोड आणि चित्रं यांची लायसन्सं वेगळी ठेवा. हा भेद जुना आहे. डूम या गेमचा कोड १९९७ च्या डिसेंबरात बाहेर आला, आधी बिनव्यापारी अटींवर आणि १९९९ मध्ये जीपीएल या मुक्त लायसन्सखाली. तेव्हाही कंपनीनं डॉस आवृत्तीऐवजी लिनक्स आवृत्तीचा कोड दिला, कारण डॉसमधली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. जे आपलं नाही ते आपण खुलं करू शकत नाही. डूमची चित्रं आणि नकाशे तर आजही बंद आहेत, म्हणून फ्रीडूम नावाच्या प्रकल्पात लोकांनी ती नव्यानं काढली. ओपनटीटीडी, म्हणजे ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स या गेमची खुली आवृत्ती, हिचंही तसंच झालं. मूळ गेमच्या फाइलींशिवाय तो चालू लागला ते २०१० च्या १.० आवृत्तीपासून, खुली ग्राफिक्स आणि आवाज तयार झाल्यावर.

हा मुद्दा कागदी वाटत असेल तर बुकिटचं उदाहरण बघा. माइनक्राफ्टचे हजारो सर्व्हर क्राफ्टबुकिट या त्याच्या सर्व्हर प्रोग्रामवर चालायचे. त्यात जीपीएलचा कोड आणि मोजांग या माइनक्राफ्टच्या कंपनीचा बंद कोड एकत्र होता. २०१४ च्या सप्टेंबरात कोड देणाऱ्यांपैकी एकानं याच कारणावरून कॉपीराइटची नोटीस दिली आणि डाउनलोड बंद पडले. कोड चांगला होता, लोकही होते. पाया मात्र मिसळ होता.

आता निवड. तुमचा मॉड म्हणजे इतरांनी वापरायची छोटी लायब्ररी असेल तर एमआयटी घ्या, अटी सर्वात कमी. कुणी सुधारणा करून वाटली तर ती सुधारणाही खुली राहावी असं वाटत असेल तर जीपीएल ३. पण लुआंटीत एक पळवाट आहे, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मॉड सर्व्हरवर चालतो. खेळणाऱ्याकडे चित्रं, आवाज आणि ब्लॉकची वर्णनं जातात, लुआ कोड जात नाही. म्हणजे एखाद्या सर्व्हरवाल्यानं तुमचा जीपीएल मॉड बदलून फक्त स्वतःच्या सर्व्हरवर चालवला, तर त्यानं तो ‘वाटला’ असं होत नाही आणि कोड द्यायची सक्तीही लागत नाही. हे नको असेल तर एजीपीएल ३ घ्या. नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही कोड मिळाला पाहिजे अशी त्यात अट आहे. खाडीसारख्या मॉडला एमआयटी पुरेसा आहे असं आमचं मत. दोन ब्लॉकसाठी एजीपीएल लावलं तर लोक बिचकतात.

चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचं (सीसी) लायसन्स लावा: सीसी बीवाय-एसए ४.० किंवा सीसी झिरो. सीसी लायसन्सं कोडला लावू नका, क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच तसं सांगतं. ‘एनसी’ म्हणजे बिनव्यापारी अट असलेलं लायसन्स टाळा. ती अट आली की लायसन्स मुक्त गणलं जात नाही, आणि ज्या सर्व्हरवर देणगीचं बटण आहे त्यालाही मॉड वापरावा की नाही असा प्रश्न पडतो. लायसन्स फाइलच्या तळाशी प्रत्येक चित्र आणि आवाजापुढे कुणी केलं, कुठून आलं, कुठलं लायसन्स, ही ओळ लिहा. माइनटेस्ट गेममधलं एखादं टेक्स्चर बदलून घेतलं असेल तर मूळ कलाकाराचं नावही येऊ द्या.

गिट, आणि दुसऱ्याचा बदल घेणं

बदलांचा इतिहास गिट हा प्रोग्राम ठेवतो, त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे कमिट. मॉडच्या फोल्डरमध्ये गिट इनिट, गिट ऍड, गिट कमिट. कमिटमध्ये जे नाव आणि ईमेल जातं ते कायमचं सार्वजनिक होतं, म्हणून गिटहब (रेपो ठेवायचं संकेतस्थळ) याच्या सेटिंगमधला नो-रिप्लाय पत्ता लावा. गिटहबवर खात्यासाठी वय किमान १३ लागतं. शाळेतल्या धाकट्यांचे बदल मोठ्यानं कमिट करावेत आणि श्रेय रीडमीत टोपणनावानं द्यावं.

एका कमिटमध्ये एकच काम. ‘अपडेट’, ‘फायनल’, ‘फायनल २’ असे संदेश लिहिले तर सहा महिन्यांनी बादली कधीपासून गायब व्हायला लागली हे शोधता येत नाही. ‘चिखलाच्या कृतीत रिकामी बादली परत दिली’ असं लिहिलं तर एका नजरेत सापडतं.

बाहेरच्या कुणाला बदल द्यायचा असेल तर त्यानं फोर्क (रेपोची स्वतःची प्रत) करायचा, नवी ब्रँच (बदलांची वेगळी फांदी) काढायची, बदल करून चालवून बघायचा आणि पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) पाठवायची. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, दोन ओळी बदलल्या तरी फरकात अख्खी फाइल लाल-हिरवी दिसते. विंडोज आणि लिनक्समधली ओळ संपण्याची खूण वेगळी असते, एडिटरनं ती सगळीकडे बदललेली असते. ‘डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’मध्ये ‘तारा (*), स्पेस, टेक्स्ट बरोबर (=) ऑटो’ ही एक ओळ टाकली की प्रश्न मिटतो. दुसरी, विंडोजवर चालणारा मॉड लिनक्स सर्व्हरवर कोसळतो. कोडमध्ये फाइलचं नाव लहान अक्षरांत आणि डिस्कवर पहिलं अक्षर मोठं, हे विंडोज खपवून घेतं, लिनक्स नाही.

पाठवण्याआधी लुआचेक चालवा. न वापरलेली व्हेरिएबल्स आणि विसरलेले ‘लोकल’ ते लगेच दाखवतं.

दुसऱ्याचा मॉड घेताना

खुला कोड म्हणजे सुरक्षित कोड, हे समीकरण खोटं आहे. २०२३ च्या जूनमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस कर्सफोर्ज आणि बुकिटच्या संकेतस्थळांवरून माइनक्राफ्टच्या मॉडमध्ये शिरला आणि ब्राउझरमधली लॉगिन माहिती चोरू लागला. लोक उतरवत होते ती जार, म्हणजे आधीच तयार केलेली फाइल. मॉडचा कोड कुठेतरी खुला असला तरी हातात पडलेली जार त्याच कोडमधून झाली आहे याची खात्री त्यातून मिळत नाही.

लुआंटीत ही अडचण कमी आहे, कारण लुआचा मॉड म्हणजेच त्याचा कोड. जे वाचता तेच चालतं. शिवाय मॉड सुरक्षा मुळातच चालू असते, मॉडला तुमच्या इतर फाइलींना हात लावता येत नाही. एखादा मॉड ‘रिक्वेस्ट इनसिक्युअर एन्व्हायर्नमेंट’ मागत असेल आणि रीडमीत ‘सिक्युअर डॉट ट्रस्टेड मॉड्स’मध्ये माझं नाव टाका असं लिहिलं असेल, तर थांबा आणि ते कशासाठी हे कोडमध्ये शोधा. डेटाबेसला जोडणाऱ्या मॉडला ते लागू शकतं. चिखलाच्या ब्लॉकला लागत नाही.

एकत्र खेळून तपासणं

चार जण एका घरात जमले तर एकाच्याच लॅपटॉपवर मॉड ठेवा, बाकीच्यांना मॉड उतरवावा लागत नाही. ‘होस्ट सर्व्हर’वर खूण करा. पोर्ट ३००००, आणि तो यूडीपी असतो. फायरवॉलमध्ये टीसीपी उघडून ठेवणाऱ्यांना कनेक्शन का लागत नाही ते कळत नाही. सोसायटीच्या किंवा राउटरच्या गेस्ट वायफायवर जोडणी बहुधा होणार नाही, कारण तिथे एक यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशीच सेटिंग बहुतेकदा असते.

ठाण्यातून नेरुळच्या मित्राला घरच्या ब्रॉडबँडवरून बोलवायचं असेल तर आधी राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुमचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आपल्या लॅपटॉपकडे वळवणं) कितीही केलं तरी उपयोग नाही. कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घ्या, नाहीतर भाड्याचा छोटा सर्व्हर.

मराठी नावं

ब्लॉकची नावं मराठीत दाखवायची तर ‘लोकेल’ फोल्डरमध्ये ‘खाडी डॉट एमआर डॉट टीआर’ ही फाइल करा, पहिल्या ओळीत टेक्स्टडोमेन, पुढे प्रत्येक ओळीत इंग्रजी नाव, बरोबरचं चिन्ह, मराठी नाव. गेममध्ये ती जरूर बघून घ्या. लुआंटी अक्षरं एकामागून एक मांडतं, देवनागरीची जुळणी करत नाही. त्यामुळे ‘श्वसनमुळं’मधला श्व तुटलेला आणि ‘चिखल’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला दिसू शकते. हा दोष तुमच्या फाइलचा नाही, त्यासाठी शब्द बदलत बसू नका.

प्रकाशन आणि सोपवणं

कंटेंटडीबीवर (लुआंटीचे मॉड आणि गेम जिथून उतरवले जातात ते संकेतस्थळ) मॉड चढवताना मोठा, स्पष्ट स्क्रीनशॉट द्या. रेपो जोडून ठेवला तर नवा टॅग (गिटमधली आवृत्तीची खूण) पडला की नवी आवृत्ती आपोआप निघते. त्याच दिवशी दुसऱ्या एका माणसाला रेपोवर लिहिण्याचा अधिकार आणि कंटेंटडीबीवर मेंटेनरची जागा देऊन टाका. परीक्षा लागल्यावर देऊ म्हणाल तर तोवर पासवर्डही आठवत नसतो.

मूळ मॉडर सापडतच नसेल तर फोर्क करून नव्या नावानं चालवायला लायसन्स मोकळीक देतं. फक्त जुनं लायसन्स आणि नावं तशीच ठेवा. तांत्रिक अडचण वेगळीच येते: मॉडचं नाव ‘खाडी’वरून ‘खाडी अंडरस्कोर नवी’ झालं की लोकांच्या जुन्या वर्ल्डमधला सगळा चिखल ‘अननोन नोड’ होतो. नव्या मॉडमध्ये ‘कोअर डॉट रजिस्टर एलियस’ला आधी जुनं पूर्ण नाव आणि मग नवं पूर्ण नाव द्या, प्रत्येक ब्लॉकसाठी एक ओळ. जुना मॉड त्या वर्ल्डमधून काढून टाका आणि वर्ल्ड पुन्हा उघडा, चिखल जागेवर येतो.